अगं बाई, यात गहू तर नाही ना?

काय चाललंय काय या जगात? पिझ्झा खायचाय, पण त्यात गहू नको म्हणे! मैद्याचं तर नावच काढू नका, घरात सुतक पडेल. बरं, गहू नको ना? मग माणसानं मुकाट्यानं वरणभात खावा, ताट उचलावं आणि कामाला लागावं. पण छे! पिझ्झाच हवा. आणि तो कसा हवा? कडेनं टम्म फुगलेला, खालून कुरकुरीत, आतून लुसलुशीत, घडी घातली तरी न मोडणारा, दातानं ओढला तर किंचित ताणला जाणारा. म्हणजे गव्हानं आजवर जे जे करून दाखवलं ते सगळं पाहिजे, फक्त गहू तेवढा नको. नवऱ्याचा पगार हवा, नवरा तेवढा नको, यातलीच ही गत!

हे खूळ एकट्यादुकट्याचं असतं तर आपण सोडूनही दिलं असतं. पण आता कुठल्याही भिशीला जा, गच्चीवरच्या कुठल्याही वाढदिवसाला जा. पिझ्झ्याचा खोका उघडला रे उघडला की कुणीतरी हात आखडता घेतं, आवाज खाली आणतं आणि विचारतं, “बेस ग्लुटेन-फ्री आहे का हो?” झालं! चार जणी वळून बघतात. दोघी नाकं मुरडतात. तिसरी म्हणते, “काय बाई एकेकाचे नखरे!” आणि चौथी? चौथी हळूच जवळ सरकून विचारते, “तुम्ही कुठून मागवता?”

हे ग्लुटेन म्हणजे असतं तरी काय, हे विचारायची मात्र सोय नाही. २०१४ साली अमेरिकेत जिमी किमेल या टीव्हीवरच्या विनोदवीरानं लॉस एंजेलिसमध्ये ग्लुटेन टाळणारी माणसं रस्त्यात गाठून नेमकं हेच विचारलं होतं. एकाला धड सांगता येईल तर शपथ! सगळ्यांनी ते सोडलं होतं, पण नेमकं काय सोडलं याचा पत्ता नव्हता. आपण पोट धरधरून हसलो. पण खरं सांगा, हसता हसता आपणही गुपचूप मोबाईलवर शोधलंच ना? तर ऐकून ठेवा, पुढच्या भिशीत उपयोगी पडेल. गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन नावाची प्रथिनं असतात. पीठ भिजवून मळलं की त्यांचं चिवट जाळं तयार होतं. यीस्टनं सोडलेला वायू त्या जाळ्यात अडकतो, पीठ फुगतं, ताणलं जातं, हवेत भिरकावलं तरी फाटत नाही. जव आणि राय या धान्यांतही त्याचे भाऊबंद असतात. म्हणजे पिझ्झ्याची जी जी म्हणून ऐट आहे, ती सगळी या ग्लुटेनच्या जिवावर. आणि निघालो आपण त्यालाच घराबाहेर काढायला!

आता थोडं खरं बोलू, कारण सगळंच खूळ नाही. सिलिअॅक नावाचा आजार आहे. त्यात ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. जगात साधारण शंभरात एकाला तो असतो, आणि आपल्याकडे गहू खाणाऱ्या उत्तर भारतातही जवळपास तेवढाच आढळला आहे. एके काळी यावर उपाय काय होता, माहीत आहे? केळी! सिडनी हास नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञानं १९२४ मध्ये मुलांना केळ्यांवर ठेवून बरं करण्याची पद्धत मांडली होती. खरा चोर पकडला तो विलेम डिके या डच डॉक्टरनं. गव्हावर त्याचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धाच्या उपासमारीत, नेदरलँड्समध्ये पाव मिळेनासा झाला. सगळा देश खंगत होता आणि ही मुलं मात्र सुधारत होती! पाव परत आला, तशी मुलं पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये त्यानं हे सगळं प्रबंधात मांडलं. या आजाराला औषध आजही एकच, जन्मभर ग्लुटेन वर्ज्य. तेव्हा अशा माणसानं पार्टीत “गहू आहे का?” असं विचारलं तर डोळे फिरवू नका, नीट उत्तर द्या.

पण बाकीच्या नव्व्याण्णवांचं काय? त्यांना कोण चावलं? सांगते. २०११ मध्ये विल्यम डेव्हिस या हृदयरोगतज्ज्ञाचं ‘व्हीट बेली’ आलं. सुटलेल्या पोटाचं सगळं खापर त्यानं गव्हावर फोडलं. २०१३ मध्ये डेव्हिड पर्लमटर यांचं ‘ग्रेन ब्रेन’ आलं. म्हणजे पोट झालं, आता डोकंही गव्हानंच बिघडवलं! आणि या दोन्हींवर कडी केली नोव्हाक जोकोविचनं. पठ्ठ्यानं ग्लुटेन सोडलं आणि २०११ मध्ये तीन ग्रँड स्लॅम जिंकून जगात पहिला आला. परीक्षा कशी झाली म्हणाल, तर डॉक्टरनं त्याला पोटाशी पावाचा तुकडा धरायला लावला आणि दुसरा हात खाली दाबून पाहिला. हात लुळा पडला, म्हणून गहू सोसत नाही! हे त्यानं स्वतःच्या पुस्तकात लिहिलंय, आपण पदरचं काही घालत नाही. आणि खरी गंमत पुढेच आहे. या जोकोविचच्या आईवडिलांचा धंदा कसला होता? पिझ्झ्याचा! सर्बियातल्या कोपाओनिक डोंगरावर त्यांचं पिझ्झ्याचं दुकान होतं. घरच्या पिझ्झ्यावर वाढलेल्या पोरानं गव्हाला लाथ मारली, आणि आपण टेनिसची रॅकेट न धरता सरळ त्याच्या आहारावर उडी मारली. रोज पहाटे उठून सराव करा असंही त्यानं सांगितलं असेल, पण ते कोण वाचतंय?

मग काय, बांधच फुटला. पाण्याच्या बाटलीवर ‘ग्लुटेन-फ्री’! पाण्यात कधी गहू उगवला होता हो? शाम्पूवर, लिपस्टिकवर तेच. फक्त ग्लुटेन न खाणाऱ्यांच्या जोड्या जुळवणारी वेबसाईटही अमेरिकेत निघाली. पत्रिकेत मंगळ चालेल, पण पोळी नको! प्रकरण थेट व्हॅटिकनपर्यंत गेलं. तिथून २०१७ मध्ये जगभरच्या बिशपांना पत्र आलं, की मिस्सेच्या भाकरीत कमी ग्लुटेन चालेल, पण अजिबात नसलेलं चालणार नाही. त्याच रोममध्ये चर्चमधून बाहेर पडून कोपऱ्यावर वळलात तर ग्लुटेन नसलेला पिझ्झा मात्र हसत हसत मिळतो. आता बोला!

तर वळू या मुद्द्याकडे. चांगला लागणारा बेस मिळतो का? सुरुवातीला जे काही खपवलं गेलं, देवा रे देवा! तांदळाचं पीठ दाताखाली कचकच, साबुदाण्याच्या स्टार्चचा गिळगिळीतपणा, आणि वरून एवढा कोरडा की घोटभर पाण्याशिवाय घास उतरेना. लोक खात होते आणि म्हणत होते, “अगदी कळत नाही बरं का!” कळत नाही? समोरच्याच्या डोळ्यांत पाणी दिसत होतं! मोठ्या कंपन्याही यात उतरल्या. अमेरिकेत २०१२ मध्ये डॉमिनोजनं ग्लुटेन-फ्री बेस आणला आणि सोबत सांगून टाकलं, की सिलिअॅक असलेल्यांनी हा खाऊ नये, कारण आमच्या स्वयंपाकघरात पीठ उडत असतं. म्हणजे ज्यांना खरी गरज, त्यांनी लांब राहा. ज्यांना नुसती हौस, त्यांनी या बसा! यापेक्षा प्रामाणिक जाहिरात आपण तरी पाहिली नाही.

ग्लुटेनचं जाळं गेलं, मग वायू धरून ठेवणार कोण? त्या जागेसाठी जे उमेदवार आले, त्यांची नावं ऐका. पहिला झँथन गम. हा बनवतो कोण? झँथोमोनस नावाचा जीवाणू, जो कोबी-फ्लॉवरच्या पिकावर पडून पानं काळी करतो! अमेरिकेच्या कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत त्याच्याकडून हा चिकट पदार्थ काढून घ्यायची युक्ती सापडली. दुसरा ग्वार गम, म्हणजे आपल्या गवारीच्या बियांचा. राजस्थानचा शेतकरी गवार पिकवतो, ती तेलविहिरी फोडायलाही जाते आणि पिझ्झा फुगवायलाही. २०१२ च्या सुमारास अमेरिकेतल्या तेलवाल्यांनी तिचे भाव असे काही चढवले की गवारीची भाजी बघून नाक मुरडणाऱ्यांनी हात जोडावेत. आणि तिसरा, सगळ्यांत मानाचा? इसबगोल! होय, तोच. रात्री झोपताना कोमट पाण्यातून घ्यायचा, ज्याविषयी चारचौघांत बोलायचं नसतं, तो. जगात सर्वांत जास्त इसबगोल पिकतो भारतात, त्यात गुजरातचं ऊंझा त्याची मोठी बाजारपेठ. पाण्यात टाकला की त्याची लगदी होते, आणि ती लगदी पीठ बांधून धरते, फुगू देते, ताणूही देते. आजोबांच्या कपाटातला डबा थेट इटालियन शेफच्या ओट्यावर जाऊन बसला. तिकडे ते त्याला ‘सिलियम हस्क’ म्हणतात आणि इवल्याशा पाकिटाला घसघशीत पैसे मोजतात. आजोबांना सांगू नका, उगाच भाव खातील.

मग आली फ्लॉवरची लाट. गेल बेकर नावाच्या अमेरिकन बाईंच्या दोन्ही मुलांना सिलिअॅक. दुकानातले बेस म्हणजे नुसता स्टार्च आणि साखर, म्हणून त्या वैतागल्या, चांगली नोकरी सोडली आणि २०१७ मध्ये ‘कॉलीपॉवर’ हे फ्लॉवरचे गोठवलेले पिझ्झे बाजारात आणले. त्यांचं चुकलं काय? काहीच नाही, आईच ती. चुकलं ते पुढे आपलं! घरोघरी फ्लॉवर किसले जाऊ लागले, उकडून फडक्यात बांधून पिळले जाऊ लागले. मनगटं गेली, फडकी फाटली, सिंक तुंबलं. किलोभर फ्लॉवर पिळून हाती काय आलं? वाटीभर चोथा. त्यात अंडं, त्यात मूठभर चीज, वरून पुन्हा चीज, आणि घरभर तो फ्लॉवरचा वास. बेस उचलला की मधोमध मोडला, म्हणून काट्यानं खाल्ला. आणि म्हणायचं काय? “हलकं वाटतंय!” हलकं वाटेल नाहीतर काय, पोटात काही गेलंच नाही! विकतच्या फ्लॉवर-बेसचं पाकीट उलटून बघा, बऱ्याचदा फ्लॉवरच्या मागे तांदळाचं पीठ आणि स्टार्च लपून बसलेले सापडतील. आणि कडीवर कडी म्हणजे झँथन गम. फ्लॉवर सडवणाऱ्या जीवाणूच्या मदतीनं फ्लॉवर चिकटवायचा, याहून मोठा सूड कुठला?

एवढ्यावर थांबतील ते कसले? काहींनी चिकनचा खिमा थापून त्याचाच बेस केला. काहींनी मोझरेला वितळवून त्यात बदामाचं पीठ मळलं. खाली चीज, वर चीज, मध्ये अपराधी भावना. काहींनी बेसनाचं जाड धिरडं काढून त्याला इटलीतल्या फरिनाताचं नाव दिलं. आणि ग्लुटेन-फ्री माल विकणाऱ्या दुकानात, त्याच फळीवर, दोन हात पलीकडे काय विकायला होतं? सेतान! म्हणजे गव्हाचं पीठ धुऊन धुऊन उरलेलं निव्वळ ग्लुटेन, मांस सोडलेल्यांसाठी. एक गिऱ्हाईक ग्लुटेन काढून टाकल्याचे पैसे देतंय, दुसरं नुसतं ग्लुटेन खायचे पैसे देतंय, आणि गल्ल्यावर बसलेला माणूस दोघांनाही “थँक यू” म्हणतोय!

इटली तरी शहाणी राहील असं वाटलं होतं. पिझ्झा त्यांचा, नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांची कला २०१७ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. ते लोक काठ्या घेऊन धावून येतील, नाही का? कसलं काय! इटलीत सिलिअॅक असलेल्यांना सरकार ग्लुटेन-फ्री खाण्यासाठी महिन्याला भत्ता देतं. २००५ च्या कायद्यानं शाळा-इस्पितळांच्या भोजनगृहांत मागितलं तर त्यांना वेगळं जेवण द्यावं लागतं. २०२३ मध्ये मुलांची या आजारासाठी सरसकट तपासणी करायचा कायदाही झाला. पिझ्झ्यावाचून नागरिक राहू नये ही सरकारची जबाबदारी, याला म्हणतात सुधारलेला देश! आणि नेपल्सच्या कापुतो या जुन्या गिरणीनं असं पीठ काढलं की जगभरचे ग्लुटेन-फ्रीवाले त्याच्या आरत्या ओवाळतात. त्यात मुख्य काय आहे, माहीत आहे? गव्हाचाच स्टार्च! ग्लुटेन धुऊन काढलेला, कायद्याच्या मर्यादेत बसणारा, पण गव्हाचा. एवढी उठाठेव करून, फ्लॉवर पिळून, चिकन थापून, जगानं उत्तम ग्लुटेन-फ्री बेस शोधला तो कशात? गव्हात! कपाळाला हात लावा आणि एक तुकडा इकडे द्या.

आपल्याकडची तऱ्हा वेगळीच. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष ठरलं, अर्थसंकल्पात ज्वारी-बाजरीला ‘श्री अन्न’ म्हटलं गेलं, आणि पुण्यामुंबईत ज्वारीचे, नाचणीचे पिझ्झा बेस अवतरले. लगेच एक काका उभे राहिले, “आमच्या आजीची भाकरी काय वेगळी होती?” बरोबर आहे काका! मग तुमच्या घरात चपातीचं राज्य कोणी आणलं? भाकरी खायला हायवेवरच्या ढाब्यापर्यंत गाडी कोण काढतं? आणि ती थापता येते का तुम्हाला? पीठ विरी गेलेलं असेल तर भाकरी तव्यावर पडायच्या आधीच फाटते, हे तरी ठाऊक आहे? ज्वारीत ग्लुटेन नाही, म्हणूनच आजी कढत पाण्यात पीठ भिजवायची. कढत पाण्यानं स्टार्च फुलतो आणि चिकटपणा येतो. आज ग्लुटेन-फ्री बेकर नेमकं हेच करतात आणि वर त्याचे वर्ग घेतात, फी वेगळी. आणि आपलं म्हणून सगळंच निर्धास्त, असंही समजू नका. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी गहू असतोच. आमटीच्या फोडणीतला हिंग? बांधानी हिंगात सर्रास गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं! म्हणजे पिझ्झा वर्ज्य करून आमटी भुरकणाऱ्या सिलिअॅकवाल्याला खरा धोका देवघराशेजारच्या फडताळात. आहे की नाही नाटक?

आणि ज्यांना हा आजार नाही, पण “गहू खाल्ला की मला फुगल्यासारखं होतं” असं म्हणतात, त्यांच्यासाठी ऑस्ट्रेलियातून बातमी आहे. मोनाश विद्यापीठाच्या पीटर गिब्सन यांच्या गटानं २०११ मध्ये सांगितलं, की सिलिअॅक नसलेल्यांनाही ग्लुटेन बाधू शकतं. जग टाळ्या पिटू लागलं. त्याच गटानं २०१३ मध्ये आणखी काटेकोर प्रयोग केला आणि सांगितलं, की ग्लुटेनचा वेगळा असा परिणाम दिसत नाही, पोटाला त्रास देणाऱ्या दुसऱ्याच कर्बोदकांकडे बघा. ती गव्हात असतात. आणि आणखी कुठे असतात? कांद्यात, लसणात! म्हणजे बेस बदलला, शे-दोनशे रुपये जास्त मोजले, आणि चोर मजेत वरच्या सॉसमध्ये पोहत राहिला. पण लसूण नसलेला पिझ्झा? छे, छे, तेवढं मागू नका, आपण काही संत नाही.

बरं, पैशांचं बोलायलाच नको. कॅनडातल्या एका अभ्यासात, २००८ साली, ग्लुटेन-फ्री माल नेहमीच्या मालापेक्षा सरासरी २४२ टक्के महाग निघाला होता. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ऐकलं होतं. इथे कोंबडीही काढून घेतात.

आता एवढं सगळं बोलून झाल्यावर तुम्ही विचारणारच, “ते जाऊ दे, पण चांगला बेस करायचा कसा?” विचारणार होतातच, आपल्याला ठाऊक आहे! कान इकडे करा. एका पिठावर विसंबू नका. तांदळाचं पीठ, साबुदाण्याचा किंवा बटाट्याचा स्टार्च, जोडीला थोडी ज्वारी. इसबगोल आधी पाण्यात भिजवून त्याची लगदी करा. पीठ सैल ठेवा, अगदी चमच्यानं वाढता येईल इतकं. मळत बसू नका, मळायला त्यात आहे काय? तेलाच्या हातानं कागदावर थापा, एकदाच फुगू द्या. नुसताच बेस कडकडीत तापलेल्या दगडावर किंवा जाड तव्यावर आधी अर्धा भाजून घ्या, मग सॉस, मग चीज. आणि गरम आहे तोवर खा, गार झाला की स्टार्च आखडतो आणि तुमचं पितळ उघडं पडतं. घरात कुणाला खरंच सिलिअॅक असेल तर परात, लाटणं, तवा वेगळा ठेवा. कायद्यानं ग्लुटेन-फ्री म्हणजे किलोमागे जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम ग्लुटेन, आणि पोळ्यांच्या परातीतली पिठाची धूळ तेवढं सहज भरून काढते. संशय असेल तर गहू सोडण्याआधी रक्ततपासणी करून घ्या. आधी सोडला तर तपासणीत काही सापडेलच असं नाही.

मग बेस जमला की नाही, हे ओळखायचं कसं? सोपं आहे. पार्टी ठेवा. एका सिलिअॅकवाल्या पोरासाठी एक ग्लुटेन-फ्री पिझ्झा वेगळा मागवा आणि बाकी सगळ्यांसाठी साधे. बेस वाईट असेल तर पोराला अख्खा मिळेल. बेस चांगला असेल तर? “बघू तरी कसा लागतो” म्हणत पहिला हात मामाचा, “मी हल्ली मैदा कमी केलाय” म्हणत दुसरा शेजारणीचा, तिसरा त्या नाक मुरडणारीचा, आणि चौथा, लाजू नका, आपला! ज्याच्यासाठी मागवला ते पोर रिकाम्या खोक्याकडे बघत उभं, आणि चार साधे पिझ्झे तसेच पडून. असा बेस जगात सापडायला लागलाय, हीच खरी खळबळजनक बातमी. तेव्हा यापुढे पार्टीत एक नाही, तीन मागवा. पोराचा आधी वेगळा काढून, झाकण लावून, त्याच्या हातात द्या. आणि उरलेले दोन कुणासाठी, हे आपल्यापैकी कुणीही कुणाला विचारायचं नाही!